राऊटर, शुक्रवारी सहाच्या आत

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या राऊटरच्या मागचं बारीक भोक टाचणीने दहा सेकंद दाबून धरलं, आणि घरातलं इंटरनेट गेलं.

दहा सेकंद मी घड्याळ लावून मोजले होते. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. पान चौदा, कलम सहा: यंत्र संथ चालत असेल तर मागील बटण दहा सेकंद दाबावे. राऊटरबरोबर आलेली पुस्तिका वाचलेला माणूस आमच्या काळाचौकीच्या इमारतीत मी एकटाच असेन, बहुधा लालबागपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो. चौतीस वर्षं मी एका दैनिकाच्या बातमी-टेबलावर काढली. छापलेलं वाचल्याशिवाय हात लावायचा नाही ही तिथली शिस्त.

पान चौदा तिथेच संपत होतं. कलम सहाचं उरलेलं वाक्य पान पंधरावर होतं: यामुळे आधीच्या सर्व नोंदी पुसल्या जातात, याची कृपया दखल घ्यावी. लोकांच्या बातम्या मी आयुष्यभर 'उर्वरित मजकूर पान पाचवर' अशा तोडत आलो. वाचक मुकाट्याने पान पाचवर जातात, असं मी धरून चाललो होतो.

राऊटरला हात लावण्याचं कारण नलू. माझ्या पत्नीने एकोणतीस वर्षं एका सरकारी दप्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात घालवली. वतनाचे वाद, जमिनींचे तंटे, कोणाच्या पणजोबाने कोणाच्या पणजोबाला काय लिहून दिलं, सगळं तिने वाचून दिलं आणि खाली सही साहेबांनी केली. आता निवृत्तीनंतर तिचा पहिला स्वतःचा मोडीचा वर्ग सुरू होणार होता, इंटरनेटवर. एकतीस जणांनी नावं दिली होती. त्यात एक शीवचे डॉक्टर होते, दोन वकील होते आणि एक जण न्यू जर्सीहून कामावर जायच्या आधी बसणार होता. जाहिरातीच्या चित्रावर वरच्या ओळीत तिचं पूर्ण नाव होतं. ते चित्र तिने मला चार वेळा दाखवलं. चारही वेळा, 'अक्षर जरा लहानच आलंय ना?' असं विचारण्याच्या निमित्ताने.

पहिला वर्ग शुक्रवारी संध्याकाळी सहाला.

गुरुवारी आम्ही चाचणी घेतली होती. मोबाईल एका उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर, त्याची नजर खाली नलूच्या हातावर. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. हात कसा वळतो हे दिसलं नाही तर शिकवण्यात काही उरत नाही. बंगळूरूला असलेला आमचा मुलगा अवधूत पलीकडून बघत होता. तो म्हणाला, "आई, तुझा हात दर दोन मिनिटांनी थिजतोय." नलूने बोरू पुसून ठेवला. मी म्हणालो, "ते मी बघतो."

पावणेअकराला नलू बाजारातून आली. राऊटरवरचा एरवी हिरवा असणारा तिसरा दिवा नारिंगी लुकलुकत होता.

"हे असं का दिसतंय?"

"सुधारणा चालू आहे."

तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, सहाला वर्ग आहे."

"सहाच्या आत होईल."

"कोणाला तरी बोलवा."

"कशाला? माझ्यावर सोड."

वाचक विचारतील की मोबाईलचं इंटरनेट का नाही वापरलं. रास्त प्रश्न आहे. आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना टोलेजंग टॉवर उभे राहिल्यापासून घरात मोबाईलला रेंज नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीबाहेर हात पूर्ण लांब केला तर दोन काड्या येतात. त्या अवस्थेत फोनवर बोलता येतं, मोडी शिकवता येत नाही.

सव्वाअकरापर्यंत बातमी इमारतभर झाली होती. पहिल्यांदा तळमजल्यावरचे रामदास आले. ते गिरणीत वायरमन होते आणि गिरणी बंद पडल्याला इतकी वर्षं झाली तरी विजेच्या कोणत्याही वस्तूकडे मुकादमाच्या नजरेने बघतात. त्यांनी राऊटरच्या पाठीवर हाताची उलटी बाजू ठेवली, ताप बघतात तशी.

"अर्थिंग नाही याला."

"याला अर्थिंग लागत नाही."

"म्हणूनच गेलं," असं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि दुपारच्या जेवणाखेरीज संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

मग समोरच्या दारातून रघु परब आला. आमची दारं समोरासमोर, तेहतीस वर्षांची. रघुचा उजवा गुडघा जानेवारीत बदलला आहे, त्यामुळे तो काठी टेकत येतो आणि काठी कोणाला दिसू नये असा चेहरा करतो. "रमाकांता, काय रे, सकाळधरना वायर घेवन बसलंस?" त्याच्या मागून आनंदीबाई, म्हणजे परब वहिनी, होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. राऊटर कपाटावर ठेवा, उंचावर, अशी सूचना त्यांनी केली. मी ठेवला. नारिंगी दिवा उंचावरून लुकलुकू लागला.

आता यात स्वप्नीलचा भाग सांगायला हवा. आमच्या गल्लीतलं सगळं इंटरनेट स्वप्नील बघतो. वरची कंपनी वेगळी, पण वायर टाकणं, राऊटर बसवणं, बिघडलं तर येणं हे सगळं त्याचं. माणूस चांगला, फोन केला की अर्ध्या तासात हजर. फक्त शिमग्याला तो राजापूरकडच्या त्याच्या गावी जातो आणि पालखी देवळात परत जाईपर्यंत येत नाही. रघुचं गावही तेच.

अकरा चाळीसला मी, खिडकीबाहेर हात काढून आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून, कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. एका मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की ती माझी अडचण समजू शकते. मी म्हणालो, फार बरं वाटलं, मला फक्त माझं लॉगिनचं नाव आणि पासवर्ड सांगा, बाकीचं मी भरतो.

"नक्कीच सर. त्यासाठी आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. तो सांगा."

"इथे काही आलेलं नाही."

"सर, क्रमांकाच्या शेवटी सहा-एक आहे."

"माझ्या शेवटी चार-आठ आहे. हा सहा-एक कोणाचा?"

"सुरक्षेच्या कारणास्तव ते सांगता येणार नाही, सर."

सहा-एक स्वप्नीलचा होता. जोडणी देताना दर वेळी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे ओटीपी विचारत कोण बसणार, म्हणून त्याने सबंध इमारतीच्या सगळ्या जोडण्यांवर स्वतःचाच मोबाईल नोंदवला होता. याला तो सेवा म्हणतो. क्रमांक बदलून घ्या असं मी म्हणालो. त्यासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी जाईल असं उत्तर आलं. अखेर तिने तक्रार नोंदवली, अकरा आकडी क्रमांक दिला आणि तिच्या वागण्याला पाचपैकी किती गुण देऊ असं विचारलं. मी चार दिले. पाच मी कोणालाच देत नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी स्वप्नीलचा फोन लागला. पलीकडे ढोल.

"काका, बोला! लवकर बोला, पालखी खांद्यावर आहे!"

"स्वप्नील, तुझ्या मोबाईलवर माझा ओटीपी येतोय."

"काय?"

"ओटीपी! बघून सांग!"

"काका, दोन्ही हात दांड्याला आहेत हो! फोन एकाने कानाला धरलाय! कानावरून ओटीपी कसा बघू?"

हा प्रश्न बिनतोड होता. पालखी नाचत असताना खांदा देणाऱ्याला बाजूला होता येत नाही हे मलाही कळतं. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ज्याने फोन धरला होता तोही नाचू लागला.

एक वाजता नलूने पानं घेतली. जेवताना ती म्हणाली, "त्या लोकांना कळवू का, पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणून?" सहज विचारावं तसं विचारलं तिने, पण भात कालवणारा हात थांबला होता. एकोणतीस वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी थांबलेल्या बाईने आणखी आठवडाभर थांबायची तयारी दाखवावी, तीही माझ्या टाचणीमुळे, हे मला मानवलं नाही.

"कळवायचं नाही," मी म्हणालो. आणि तिथेच मला मार्ग सुचला.

रघुचा राऊटर आणि आमचा राऊटर एकाच कंपनीचे. एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच पेटीतून काढून बसवलेले. याच्या पोटात जे लिहिलंय तेच त्याच्या पोटात असणार. मूळ प्रत समोरच्या घरात हजर आहे, आपल्याला फक्त नक्कल उतरवायची आहे. आणि नक्कल मूळ प्रतीशी ताडून बिनचूक उतरवणं हे काम महाराष्ट्रात माझ्याहून जास्त वर्षं केलेली माणसं मोजकीच असतील.

"तुका होयो तसो बघ," रघु म्हणाला. "माका त्यातला काय कळाचा नाय."

त्याच्या राऊटरखालच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकून मी आत शिरलो. सतरा रकाने होते. जोडणीचा प्रकार, हा पत्ता, तो पत्ता, अमुक आकडा, तमुक आकडा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके होते, पण शेजारी डोळ्याचं चित्र होतं. ते दाबल्यावर ठिपक्यांची अक्षरं झाली. लॉगिनच्या नावाच्या जागी दोन अक्षरं आणि चार आकडे होते. त्यात रघुचं नाव कुठेही नव्हतं. स्वप्नीलने सगळ्यांना दिलेली ती खूण असावी असं मी समजलो. ही समजूत मी कोणाकडूनही तपासून घेतली नाही, याची नोंद इथे प्रामाणिकपणे करतो.

सगळं वहीत उतरवलं. घरी येऊन आमच्या राऊटरमध्ये भरलं. मग मी वही वाचत गेलो आणि नलू पडद्यावर बोट ठेवून 'बरोबर', 'बरोबर' म्हणत गेली. दप्तरखान्यातली बाई आणि बातमी-टेबलावरचा माणूस. इतका कसून तपासलेला राऊटर त्या कंपनीच्या कारखान्यातूनही बाहेर पडला नसेल.

दोन पस्तीसला मी शेवटचं बटण दाबलं. नारिंगी दिवा विझला. दिवा हिरवा झाला.

रामदास उठून उभे राहिले. आनंदीबाईंनी टाळ्या वाजवल्या. नलूने अवधूतला लावलेल्या व्हिडिओवर हात धरून बघितला, बोटं हलवून बघितली. हात थिजला नाही. "बाबा, तुम्ही केलंत हे? कोणाला न बोलावता?" अवधूत म्हणाला. मी चष्मा पुसला. निवडणुकीच्या रात्री शेवटचं पान वेळेवर सोडल्यावर जसं वाटायचं, अगदी तसं वाटलं. सहाला अजून तीन तास पंचवीस मिनिटं बाकी होती.

दोन एक्केचाळीसला समोरच्या घरातून रघु ओरडला, "माझो गेलो रे!"

हा योगायोग आहे असं मी त्याला दारातूनच सांगितलं. राऊटर बंद करून चालू कर असा सल्लाही दिला; मला आता सल्ला देण्याचा अधिकार होता. त्याने केला. त्याचं आलं, आणि माझं गेलं. मी माझा बंद करून चालू केला. माझं आलं, रघुचं गेलं.

पुढचे दोन तास मी वहीत वेळा टिपल्या. माझं तीन दोन ते तीन नऊ, त्याचं तीन नऊ ते तीन पंधरा, पुन्हा माझं. थोड्या वेळाने आम्ही राऊटरना हात लावणं सोडून दिलं तरी त्यांचं चालूच राहिलं. ते आपापसांत ओढाताण करू लागले. रामदासांनी याचा संबंध पाण्याच्या दाबाशी लावला. खालच्याने नळ सोडला की वरच्याची धार तुटते, तसंच हे. "मधे टाकी लागेल," ते म्हणाले. इंटरनेटची टाकी कुठे मिळते हे मात्र त्यांना सांगता येईना.

चार चाळीसला मी माझ्या पाळीच्या सहा मिनिटांत अवधूतला गाठलं आणि वेळांची यादी वाचून दाखवली. त्याने ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"बाबा, तुम्ही परबकाकांचं लॉगिन टाकलंत का?"

"जसंच्या तसं. दोनदा ताडून."

"अहो, ते दर घराचं वेगळं असतं. एका नावावर एकच घर चालतं. तुम्ही आता परबकाका म्हणून आत शिरताय. मग खरे परबकाका येतात आणि तुम्हाला बाहेर काढतात."

मी बातमी देणाऱ्याला कधी दोष देत नाही. त्याला धन्यवाद दिले. तेवढ्यात खऱ्या परबकाकांनी मला बाहेर काढलं.

एक काळ असा होता की इमारतीत एकच टेलिफोन होता, तो आमच्याकडे. रघु नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर लिहून पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहायचा. त्याला थोरली मुलगी झाली ही बातमी त्याच्याआधी मला कळली. तेव्हा माझ्या नावावर त्याचं चाललं. आता त्याच्या नावावर माझं तासभर चालायला हरकत नसावी, असा विचार करून मी पाच वाजता त्याच्या दारात गेलो. तासाभरासाठी राऊटर बंद ठेव, एवढंच सांगायचं होतं.

रघु धुतलेला सदरा घालून बसला होता. टेबलावर मोबाईल दोन डब्यांना टेकून उभा केलेला. पुढे नारळ, तबक, हळदकुंकू.

"सहा-सव्वासहाला पालखी यांच्या घरी येतेय," आनंदीबाई म्हणाल्या. "गावच्या घरी. गावचे माझे दीर व्हिडिओ लावणार आहेत. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच दारात नाहीत हे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं."

मी म्हणालो, "छान. मी आपलं सहज आलो होतो." आणि वळलो.

"थांब रे," रघु म्हणाला. त्याने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मला वाटतं त्याला सगळं कळलं; तेहतीस वर्षं समोरासमोर राहिल्यावर न सांगता कळतं. "वहिनींचो वर्ग सहाकच ना? मी बंद करून ठेवतंय माझो. पालखी काय, पुढच्या वर्षी परत येतली."

"मुळीच नाही. तू बंद करायचा नाहीस."

"तू कोण सांगणारो? राऊटर माझो."

"लॉगिनपण तुझंच आहे! म्हणून तर सांगतोय!"

दोन म्हातारे एकमेकांना इंटरनेट घ्यायचा आग्रह करत, चढ्या आवाजात, दारात उभे. रामदास मध्ये पडायला आले आणि त्यांनी चिठ्ठ्या टाका असं सुचवलं. मी बाहीने कपाळ पुसलं. घड्याळात पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तेव्हा नलू बाहेर आली. हातात बोरू होता, बोटांना शाई. "राऊटर एकच चालू राहणार, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग भाऊजींचा बंद करा, आणि भाऊजींनी मोबाईल घेऊन आपल्याकडे बसायचं. आपल्या राऊटरवर दहा मोबाईल चालतात. मी आतल्या खोलीत, पालखी बाहेरच्या खोलीत. यात भांडायचं काय आहे?"

भांडायचं काही नव्हतं. हे मलाही सुचलं असतं, पण मी वेळा टिपत होतो.

पाच चाळीसला परबांचं बिऱ्हाड, नारळ-तबकासह, आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. सहाला आतल्या खोलीत नलूने वर्ग सुरू केला. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभा, नजर कपाटावरच्या हिरव्या दिव्यावर. तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण. मग पानभर रेघ ओढली. एक झोक, डावीकडून उजवीकडे, कुठेही न अडखळता, आणि पलीकडे एकतीस जणांनी ती रेघ सलग बघितली.

सहा एकवीसला पालखी आली.

ढोल अचानक इतका मोठा वाजला की रामदास खुर्चीतून उठले. रघु काठी विसरून उभा राहिला. पडद्यावर त्याचं घर, अंगण, गर्दी, आणि पालखीच्या पुढच्या दांड्याला घामाने निथळणारा आमचा स्वप्नील. मी मधलं दार लावायला धावलो, पण ते पावसाळ्यात फुगल्यापासून लागत नाही. ढोल थांबला आणि गावकर, म्हणजे गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालू लागले. रघुचं नाव घेऊन, त्याच्या गुडघ्यासाठी. रघु हात जोडून, डोळे मिटून, प्रत्येक मागणीला इकडून 'होय महाराजा' म्हणत होता.

मी आत बघितलं. नलूने बोरू शाईच्या दौतीत टेकवला होता आणि हात पानाच्या कडेला शांत ठेवला होता. "जरा थांबू या," ती वर्गाला म्हणाली. "आमच्या शेजाऱ्यांच्या घरी पालखी आली आहे." एकतीस जण थांबले. न्यू जर्सीचा गृहस्थ पडद्यावर हात जोडून बसलेला मला दिसला. तो मूळचा लांज्याचा निघाला. चार मिनिटांनी ढोल पुन्हा सुरू होऊन लांब गेला. नलूने बोरू उचलला आणि म्हणाली, "तर, 'अ'. हात उचलायचा नाही."

वर्ग सातला संपला. हात एकदाही थिजला नाही. शेवटी शीवच्या डॉक्टरांनी 'बाई, इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं' असं म्हटलं, ते मी स्वतः ऐकलं. त्यांचा रोख अक्षराकडे होता की जोडणीकडे, हे मी विचारलं नाही. दोन्ही आमच्याच घरचं होतं.

त्यानंतरची परिस्थिती अशी. शनिवारी कंपनीने तक्रार निकाली निघाल्याचा संदेश पाठवला, सहा-एकवर. रविवारी मी नवी तक्रार नोंदवली. तिचाही क्रमांक अकरा आकडी आहे. स्वप्नील सोमवारी येणार होता. पालखीला दोन वाड्या वाढल्याने तो आता गुरुवारी येईल, असं त्याच्या आईने सांगितलं; त्याचा स्वतःचा फोन लागत नाही. रघुला त्याचं इंटरनेट मंगळवारी दुपारी परत दिलं, तेव्हापासून आमचा दिवा नारिंगी आहे. नलूच्या वर्गाला आणखी पाच नावं आली आहेत. दुसरा धडा शुक्रवारी, सहाला.

आज बुधवार. सकाळी चहा देताना नलूने एवढंच विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?"

मी "होईल" म्हणालो. या वृत्ताला अन्य कोणत्याही सूत्राकडून अद्याप दुजोरा मिळालेला नाही.